टाकी लपवणारं छप्पर

आमचं घर बघायला लोक गाडी थांबवतात. हडपसरच्या पुढे एका आतल्या गल्लीत आमचा छोटा बंगला आहे. काही वर्षांपूर्वी इथे ऊस होता, आता मान वर केली की चौदा-चौदा मजले दिसतात. बंगल्याचे खालचे दोन मजले अगदी साधे, सरळ. त्यावर छप्पर आहे ते मात्र वेगळं. चारही बाजूंनी जवळजवळ भिंतीसारखं उभं चढलेलं, करड्या चपट्या कौलांनी मढवलेलं, आणि वर जाऊन एकदम सपाट झालेलं. त्या उभ्या उतारातून तीन खिडक्या बाहेर डोकावतात. याला मॅन्सार्ड म्हणतात. गल्लीतले लोक 'टोपीवाला बंगला' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहे.

हे छप्पर माझं आहे. म्हणजे कागदावर मी काढलेलं. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी तीस वर्षं नकाशे काढले, आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. दुसऱ्यांच्या बंगल्यांसाठी असली छपरं इतकी काढली की उतार किती अंशांचा, पन्हळ किती इंचांची, खिडकी किती पुढे काढायची, सगळं तोंडपाठ झालं होतं. आणि त्या तीस वर्षांत मी एकाही छपरावर चढले नाही. मला उंचीची भयंकर भीती वाटते. साइटवर गेले की परांचीखाली उभी राहून मान वर करून बघायची आणि हातातल्या कागदावर बरोबरच्या खुणा करायची. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

स्वतःच्या घराच्या वेळीही तेच. छपराचं काम संपलं त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, एकदा वर येऊन बघता का?" मी म्हटलं, "इथून दिसतंय की. झकास झालंय." दिसत काय होतं, कपाळ!

माझा सगळा जीव अडकला होता टाकीत. पुण्यात तुम्ही घर कितीही देखणं बांधा, शेवटी त्याच्या डोक्यावर ती काळी प्लास्टिकची टाकी येऊन बसतेच. मला ती दिसायला नको होती. म्हणून मी छपराचा वरचा सपाट भाग कडेपेक्षा चार फूट खाली घेतला, परातीसारखा, आणि टाकी त्यात बसवली. रस्त्यावरून बघा, शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरून बघा, टाकी दिसत नाही; लांबच्या चौदाव्या मजल्यावरून दिसली तर दिसो. पाहुणे आले की मी त्यांना फाटकाबाहेर उभं करून विचारायची, "सांगा बघू, टाकी कुठे आहे?" कुणालाही सांगता यायचं नाही आणि मला कोण आनंद व्हायचा.

आता टाकी आहे म्हणजे तिथवर जायला वाट हवी. घरातून वर जायला झडप ठेवली असती, पण मग खालच्या खोलीच्या सीलिंगची शोभा जाते. म्हणून मी वाट काढली ती बाहेरून. मागच्या खिडकीतून बाहेर पडायचं, छपराच्या खालच्या कडेच्या नऊ इंची पत्र्याच्या पन्हळीवरून चार पावलं आडवं जायचं, मग उतारावर ठोकलेल्या लोखंडी कड्या धरून वर. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लंबर जाईल, त्याला सवय असते, असा माझा हिशेब. प्लंबरलाही आईबाप असतात हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा आमच्याकडे राहायला आले. वय एकोणऐंशी. डावा कान पार गेलेला, उजव्याला यंत्र, बाकी तब्येत ठणठणीत. आल्या आल्या त्यांनी छपरातली खोली मागून घेतली. "जिने चढले की पाय शाबूत राहतात," म्हणाले. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. उंच खांबांवरच्या टाक्यांच्या शिड्या चढायच्या, आत डोकवायचं, झडपा तपासायच्या. खडकवासल्यात पाणी किती आहे ते त्यांना अजूनही जावयाच्या नावाआधी आठवतं. आमचं छप्पर त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तो टाकीचा प्रश्न त्यांनाही विचारला. ते म्हणाले, "टाकी लपवायला एवढा खटाटोप? पाणी काय चोरीचं आहे?"

स्वयंपाकघरात मी टाकीच्या पातळीचे दिवे बसवले होते. हिरवा म्हणजे पाणी पुरेसं, लाल म्हणजे टाकी रिकामी. बाबांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "दिवा काय, लागतो. त्याला कुठे पाणी प्यायचंय."

एके दिवशी सकाळी साडेसातला मी चहा टाकत होते आणि डोक्यावर आवाज झाला. टण. मग जरा खालच्या पट्टीत, टण. मग अगदी बद्द. मला वाटलं प्लंबर आला असेल, पण त्याला बोलावलं कुणी? मी वर गेले. बाबांच्या खोलीची मागची खिडकी सताड उघडी. खाली त्यांच्या चपला शेजारी-शेजारी नीट लावलेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर रुमालात कानाचं यंत्र. आणि मी बघत असतानाच खिडकीच्या कडेला एक अनवाणी पाय आला, मग दुसरा. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेले माझे वडील बाहेरून खिडकीत आले, अंगणातून ओसरीवर यावं तसे. मला बघून म्हणाले, "चहा झाला का?"

मी तिथेच पलंगावर बसले. मग भांडले, आवाज चढवून, रडून, सगळं करून. बाबा शांतपणे यंत्र कानात घालत म्हणाले, "अगं, मी तीन महिने रोज जातोय. टाकीला वर, मध्ये, खाली अशा तीन टिचक्या मारायच्या. जिथे बद्द लागतं तिथे पाणी, ते बोटांनाच कळतं. यात रडण्यासारखं काय आहे? स्वारगेटला रस्ता ओलांडणं याच्यापेक्षा अवघड आहे."

तीन महिने! मी खाली मिक्सरच्या घरघरीत चटण्या वाटत होते आणि हा माणूस माझ्या डोक्यावर रोज नऊ इंचांवर चालत होता.

मी खिडकीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी ते कडीसकट टेबलावर ठेवलेलं. "सैल होतं," म्हणाले. नवऱ्याने सरळ सुचवलं, "सीलिंग फोडू, आतून शिडी बसवू. दोन दिवसांचं काम आहे." आणि मी काय म्हणाले? "बघू. पाऊस संपू दे." पावसाचा काहीएक संबंध नव्हता. मला ते सीलिंग फोडायचं नव्हतं. बापाच्या जिवापेक्षा सीलिंग मोठं, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता. पण मी केलं तेच.

त्यानंतर माझ्या सकाळी कशा गेल्या ते कुणाला सांगून कळायचं नाही. सात वाजून पंचवीस मिनिटांपासून सगळं लक्ष छताकडे. मग खिडकीचं दार करकरायचं. मी गॅस बारीक करायची. पन्हळीचा पत्रा दबल्याचा बारीक आवाज, चार वेळा. मी चारही मोजायची. मग कड्या. मग टण, टण, टण. हे झालं की अर्धी भीती जायची, पण उरलेली अर्धी मोठी होती, कारण उतरताना माणूस जास्त पडतो. परत कड्या, परत चार पावलं, खिडकी लागल्याचा आवाज. मग मी श्वास सोडायची आणि चहा गाळायची. बाबा खाली येऊन म्हणायचे, "पाऊण भरलीय." हिरवा दिवाही तेच सांगत असायचा.

आणि माझी भीती आंधळी नव्हती, हे जास्त वाईट. मला सगळे आकडे माहीत होते. उतार सत्तर अंशांचा. सत्तर अंशांवर खिळासुद्धा थांबत नाही, सरळ खाली. खाली मागच्या अंगणात शहाबादी फरशी, तीसुद्धा माझीच निवड. पन्हळीला दर दोन फुटांवर धरून ठेवणारे क्लॅम्प, असं मी कागदावर लिहिलं होतं. बसवले होते का, हे मला माहीत नव्हतं. वर जाऊन बघितलं कुणी?

तो दिवस फेब्रुवारीतला. पाऊस कधीच संपला होता, सीलिंग होतं तसंच होतं. खिडकी करकरली. चार पावलं. कड्या. टण. टण.

तिसरा आवाज आला नाही.

मी गॅस बंद केला. वाटलं, थांबले असतील. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता आणि मी छताकडे बघत उभी. एक मिनिट. दोन. वर काही म्हणजे काही नाही. मग मी जिना कसा चढले मला आठवत नाही. खिडकी उघडी, चपला जागेवर, यंत्र कट्ट्यावर. मी खिडकीतून अंग बाहेर काढून ओरडले, "बाबा! अहो बाबा!" आणि ओरडतानाच कळत होतं की यंत्र इथे पडलंय, मी हाका कुणाला मारतेय.

पन्हळ डावीकडे रिकामी, उजवीकडे रिकामी. मग मी खाली फरशीकडे बघितलं. ते बघायला जेवढं बळ लागलं तेवढं मला आयुष्यात कधी लागलं नाही. फरशीवर काही नव्हतं. म्हणजे ते वरच होते, टाकीपाशी. पडले होते? छातीत कळ आली होती? बघायला काही मार्गच नव्हता. ती जागा गल्लीत कुठूनही कुणाला दिसू नये म्हणून मी चार महिने डोकं लढवलं होतं.

मागच्या घरातली बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. मूळची इथलीच, गावची. तिने वर बघितलं. "अवो ताई, काय झालं?"

"बाबा दिसतात का तुम्हाला?"

"वर चढल्यालं बघितलं की. उतरल्यालं न्हाय बघितलं."

नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसच्या वाटेवर, ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "फायर ब्रिगेडला फोन कर. मी परत वळतोय. आणि तू बाहेर जाऊ नकोस. ऐकतेस का? तू जायचं नाही." मी हो म्हटलं आणि फोन पलंगावर टाकला. फायर ब्रिगेड या गल्लीत शिरून वर चढेपर्यंत किती वेळ जाईल हे मला कळत होतं. छातीत कळ आलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि पाय बाहेर सोडले. अंगात घरातला गाऊन, पायात रबरी चपला. बाबा ज्या कट्ट्याखाली चपला काढून ठेवत तिथूनच मी चपला घालून बाहेर पडले, ही माझी अक्कल. पाय पन्हळीवर टेकला तसा पत्रा खाली दबला. रोज ऐकत होते तोच आवाज, पण आता तो माझ्या तळपायाखाली होता. मी तोंड छपराकडे केलं, पोट कौलांना चिकटवलं. कौलं रात्रीच्या थंडीने अजून गार होती. धरायला काही नव्हतं. एक पाऊल सरकले. दुसरं पाऊल टाकलं आणि मागून कुणीतरी खेचलं. गाऊन खिडकीच्या हुकात अडकला होता. मी हिसडा दिला.

गाऊन सुटला आणि चप्पल सटकली.

उजवा पाय पन्हळीबाहेर गेला. डावा गुडघा पन्हळीत आपटला. दोन्ही हातांची बोटं कौलांच्या कडांवर, अर्ध्या इंचाच्या कडा, त्याही मीच ठरवलेल्या. खाली फरशीवर चप्पल पडल्याचा फट्ट आवाज आला, आणि तो यायला वेळ लागला. मागची बाई किंचाळत होती. मी एवढंच म्हणत होते मनात, पत्रा सुटू नको, पत्रा सुटू नको.

तेवढ्यात वरच्या कडेवरून बाबांचं डोकं दिसलं. हातात पाना. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक नीट बसत नव्हता म्हणून ते मांडी घालून तो दुरुस्त करत बसले होते, आरामात, कोवळ्या उन्हात, आणि आता उतरायला निघाले होते. कड्यांवरून ते सरसर खाली आले. एका हाताने कडी धरली आणि दुसऱ्याने माझं मनगट. इतकं घट्ट, की नंतर आठवडाभर काळंनिळं होतं.

"हालू नकोस," म्हणाले. "खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघ. आता पाय आत घे. हं. आता डावा उचल. डावा गं! तो उजवा आहे."

"बाबा, मला जमणार नाही."

त्यांना ते ऐकूच आलं नाही. बरं झालं. ते मला पाऊल-पाऊल खिडकीकडे सरकवत राहिले. मध्येच त्यांनी कडी सोडली, कारण हात पुरेना. आता त्यांनी कशालाच धरलेलं नव्हतं, फक्त मला. आणि तेव्हा ते म्हणाले, रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखे, "तू काढलंस ना हे सगळं? मग धरायचं कुठे, ते कुठे काढलंयस?"

मी खिडकीतून आत कोसळले. जमिनीवर पालथी पडून राहिले, गार फरशीला गाल लावून. बाबा मागून आत आले, खिडकी लावली आणि पलंगावर बसले. मी मान उचलली तेव्हा ते यंत्र कानात घालायचा प्रयत्न करत होते. दोनदा ते हातातून पडलं. बाबांच्या हातून काही पडताना मी कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

"इतकी वर्षं टाक्यांवर चढलो," ते म्हणाले. "कधी खाली बघितलं नाही. आज बघितलं."

मी उठून बसले.

"तू होतीस खाली. आणि तुझ्या खाली काही नव्हतं गं."

नवरा धापा टाकत घरी पोचला, आम्हा दोघांवर यथेच्छ ओरडला आणि त्याच आठवड्यात सीलिंग फोडलं. मी हूं की चूं केलं नाही. आता खोलीतूनच कठड्याची चांगली शिडी आहे, वर झडप आहे, आणि बाहेर पन्हळीच्या वर हाताशी येईल असा लोखंडी दांडा आहे. दांडा बसवणाऱ्याने पन्हळही तपासली. खाली येऊन म्हणाला, "मॅडम, क्लॅम्प पाच-पाच फुटांवर आहेत. यावरून कोण चालत होतं?" मी आत जाऊन बाथरूमचं दार लावून घेतलं.

पण बाबा त्या शिडीवर चढले नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, रुसलेत. मी म्हटलं, "बाबा, आता घरातल्या घरात आहे सगळं, जा की. टिचक्या मारून या." ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दिवा लागतोय ना हिरवा? मग झालं." चौथ्या दिवशी त्यांनी आपली उशी आणि पांघरूण उचललं आणि खालच्या खोलीत आणून ठेवलं. वरच्या खोलीत झोप येत नाही म्हणाले. नंतर नवऱ्याने मला हळूच सांगितलं, ते रात्री उठून तीनतीनदा खिडकी लागलीय का बघायचे.

मला हवं होतं तेच झालं. साडेसातला डोक्यावर आवाज होत नाही, मी निवांत चहा करते. आणि तरी काहीतरी भयंकर करून बसलेय असं वाटत राहतं. एवढा न घाबरणारा माणूस, त्याला माझ्यापायी पहिल्यांदा कळलं की पडता येतं.

गेल्या सोमवारी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रिक्षा फाटकाशी उभी. मी पुढे गेले, वळून बघितलं तर बाबा आमच्या पुढच्या दारात तसेच उभे. दारापुढे तीन पायऱ्या आहेत, रुंद, बुटक्या, पोराबाळांनी उड्या मारत उतराव्यात अशा. बाबा त्या पायऱ्यांकडे बघत होते आणि पाय उचलत नव्हते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," म्हणाले, आणि हात पुढे केला. "जरा इकडे ये गं. मला उतरव."

मी परत वर गेले आणि त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.